मीटर ४१ हजार दाखवतो, गाडी ५ लाख ४१ हजार चाललीये

२०२४ मधे आमच्या फियाटचं फुल इंजिन काम केलं आणि त्याच वर्षी तिचं रजिस्ट्रेशनपण रिन्यू करून घेतलं. दोन्ही मिळून चार-साडेचार महिने गेले. बऱ्याच जणांनी विचारलं की पार्ट कुठून आणले, आरटीओत काय झालं, खर्च किती आला, म्हणून एकदाच बसून लिहून काढतेय. लांबेल थोडं.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७९ ची. कागदावर पद्मिनी, पण आमच्याकडं तिला कुणीच पद्मिनी म्हणत नाही, फियाटच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडली आणि तेव्हापासून एकाच घरात आहे. त्या काळात गाडी नुसते पैसे मोजून मिळत नव्हती, नंबर लावून वाट बघायला लागायची, अण्णांनी (माझे वडील) पण तशीच वाट बघितली. अण्णांचं सांगलीत पंपसेटचं दुकान होतं. मोटर विकायची, शेतावर जाऊन बसवून द्यायची, बिघडली की परत जायचं, त्यामुळं तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळ, इस्लामपूर हे रोजचं. मागच्या सीटखाली अजून एक गोल डाग आहे, मोटरीचं ग्रीस सांडलेलं. पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगला, त्यामुळं पुढं तिघं आरामात बसायचो आणि मधली जागा कायम माझी.

आता डायरीचं सांगते, कारण सगळं काम तिच्यावर झालं. पंप कंपन्यांकडून दरवर्षी दुकानदारांना डायऱ्या यायच्या, त्यातली एक अण्णा गाडीत ठेवायचे. पेट्रोल भरलं की तारीख, मीटर, लिटर. ऑइल बदललं, पॉइंट (इग्निशनचे कॉन्टॅक्ट) घासले, टायर फिरवले, सगळं त्यातच. मीटर पाच आकडी आहे, ९९,९९९ झाले की परत शून्यावर येतो, आणि ज्या दिवशी शून्यावर आला त्या दिवशीची नोंद लाल पेनानं आहे. अशा पाच लाल नोंदी आहेत, पहिली १९८५ ची. प्रत्येक वेळी आम्ही गणपती मंदिरात पेढे घेऊन गेलोय, पहिल्या वेळी मी लहान होते, पण पेढे आठवतात. मधे १९९३ ला मीटरची केबल तुटली होती तर तेवढ्या दीड महिन्याला "अंदाजे" असं लिहून रोजच्या गावांची अंतरं मांडून बेरीज केलीये. मी ते सगळं एक्सेलमधे घातलं, तीन रविवार लागले. जुलै २०२४ ला एकूण आकडा आला ५ लाख ४१ हजार आणि वर काहीतरी.

दुखणं सुरू झालं उन्हाळ्यात. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, पाच मिनिटांनी कमी व्हायचा. मग तो कमी व्हायचाच बंद झाला. चढावर दम नाही, आणि ऑइल ३०० किलोमीटरला जवळजवळ एक लिटर. एका गॅरेजला दाखवली, त्यांनी हेड गास्केट गेलंय म्हणून हेड उतरवून गास्केट बदललं, साडेसहा हजार घेतले आणि धूर जसाच्या तसा. मला खूप वाईट वाटलं, पैशापेक्षा यासाठी की अण्णा तिथं उभं राहून सांगत होते की पाण्यात ऑइल नाही, ऑइलमधे पाणी नाही, मग गास्केट कसं जाईल, आणि पोरगा ऐकूनच घेत नव्हता. ७८ वर्षांचा माणूस ४५ वर्षं एकच गाडी चालवतोय, त्याचं दोन मिनिटं ऐकायला काय हरकत होती.

मग जुन्या मिस्त्रींना शोधलं. त्यांनी २००७ चं काम केलं होतं, आता गॅरेज मुलाकडं आहे आणि ते स्वतः खुर्ची टाकून बसतात. गाडी आत गेली तसं ते उठून आले, बॉनेटवर हात ठेवला आणि पहिलं वाक्य, "शेठ, डायरी आणलाय न्हवं?"

आणली होती. त्यांनी सगळ्यात आधी मागची कामं वाचून घेतली. १९८५ ला ९८ हजारावर नुसत्या पिस्टनच्या रिंगा. १९९० ला १ लाख ७२ हजारावर पहिलं बोअर, म्हणजे झिजलेला सिलिंडर कोरून मोठा केला. १९९८ ला ३ लाख ५ हजारावर दुसरं बोअर. २००७ ला ४ लाख २० हजारावर आणखी बोअर करायला ब्लॉकमधे जागाच उरली नाही म्हणून लायनर (सिलिंडरमधे बसवायची नळी) टाकून परत स्टँडर्ड पिस्टन. म्हणजे या लायनरवर १ लाख २१ हजार झालेले. "झालं की मग, तिनं तिचं काम केलं," मिस्त्री म्हणाले.

तरी त्यांनी अंदाजावर खोललं नाही. चारी प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं. एक, दोन आणि चार नंबर ८० ते ९० पीएसआयच्या मधे, तीन नंबर ५५. मग तीन नंबरच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत गेज लावला, काटा ९५ वर गेला. हे मला तेव्हा कळलं की ऑइल सोडल्यावर कॉम्प्रेशन वाढलं तर गळती रिंगा आणि सिलिंडरच्या मधून आहे, कारण ऑइलनं ती फट तात्पुरती भरते, आणि वाढलं नसतं तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गास्केटचा. पाच मिनिटांची टेस्ट. आधीच्या ठिकाणी हीच केली असती तर साडेसहा हजार वाचले असते.

इंजिन उतरवलं त्या दिवशी मी सुट्टी घेतली. तसं बघितलं तर हे इंजिन एकदम साधं आहे, १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिलिमीटर, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यानं दिसतं आणि बोटाला लागतं. तीन नंबरचा पिस्टन बाहेर काढला तर वरची रिंग दोन तुकड्यात होती, आणि लायनरमधे वरून खालपर्यंत एक उभी चर. मिस्त्रींनी माझं बोट धरून त्या चरीवरून फिरवलं. नख अडकत होतं. "ताई, नख अडकलं की लायनर गेला. नुसता डाग दिसतोय आन् नख सरळ जातंय तर हॉनिंगवर, म्हंजे आतनं घासून, भागतंय."

ब्लॉक, क्रँक आणि हेड घेऊन आम्ही कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. सांगलीत पण लेथ आहेत, पण जुन्या ब्लॉकचं बोअरिंग म्हणलं की अण्णांना उद्यमनगरच लागतं, ऑइल इंजिनं बनवणाऱ्या गावातला हात आहे तो, त्यांचा धंदाच पंप आणि इंजिनांशी असल्यामुळं तिथल्या गल्ल्या त्यांना पाठ. लेथवाल्यांनी डायल गेज आत सोडून वरती, मधे आणि खाली अशी मापं घेतली. वरती जास्त झिजलेलं, खाली कमी, म्हणजे टेपर, तीन नंबरला आठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). क्रँक आधीच ट्वेंटीत (वीस थाऊ घासलेला) होता तो थर्टीत गेला. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, क्रँक ग्राइंडिंगला देण्याआधी त्या साइजची बेअरिंगं हातात आहेत का ते बघा. आधी ग्राइंड करून घेतलं आणि थर्टीची बेअरिंगं मिळालीच नाहीत तर क्रँक नुसता पडून राहील. आमची बेअरिंगं पुण्यात नाना पेठेत मिळाली, पिस्टन रिंगचा सेट पण तिथंच, जुना स्टॉक, डब्याला गंज आलेला पण आतला माल ग्रीसपेपरात गुंडाळलेला एकदम कोरा.

पार्टचं आता खरंच अवघड होत चाललंय. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी होत्या तोपर्यंत कुणी विचार पण केला नव्हता, एवढ्या टॅक्सी होत्या म्हणल्यावर कुर्ल्यात, ऑपेरा हाउसला काहीही मागा, मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झालेली आणि तिथं टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळं ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून त्या गेल्या. त्या दिवशी अण्णा टीव्हीपुढून उठले आणि फोन लावत बसले, दोन गिअर लिंकेजचे बुश सेट, किंगपिन आणि एक वॉटर पंप मागवून ठेवला. मला तेव्हा वाटलं होतं की घाई करतायत. वॉटर पंप आत्ताच्या कामात लागला.

उद्यमनगरात नवे लायनर बसवून बोअरिंग होईपर्यंत चार दिवस थांबायचं होतं, तर एका संध्याकाळी मी अण्णांना अमेरिकेतल्या आयर्व्ह गॉर्डन यांच्याबद्दल सांगितलं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला राहणारे विज्ञानाचे शिक्षक, १९६६ ला लाल रंगाची व्होल्वो पी १८०० घेतली आणि तीच चालवत राहिले, २०१३ च्या सप्टेंबरमधे अलास्कात ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. २०१८ ला वारले. आणि ग्रीसमधे थेसालोनिकीचे एक टॅक्सीवाले होते, ग्रिगोरिओस साकिनिदिस, त्यांच्या १९७६ च्या मर्सिडीज २४० डी ला ४६ लाख किलोमीटर झाले, इंजिनं बदलत बदलत, आणि २००४ ला कंपनीनं ती गाडी म्युझियमला नेली. मला वाटलं अण्णा आकडे ऐकून चकित होतील. ते म्हणाले, "ऑइल किती हजाराला बदलायचे?" मी म्हणलं व्होल्वोवाले साधारण ५ हजार किलोमीटरच्या आतबाहेर. थोडा विचार करून म्हणाले, "बरोबर. त्यांची गाडी हायवेला पळणारी, आपली जतच्या धुळीत, म्हणून आपलं तीन हजार." आणि जेवायला गेले.

त्यांच्या लेखी एवढाच प्रश्न होता. आणि ४५ वर्षांच्या डायऱ्या बघितल्यावर मलाही ते पटलंय. तीन हजाराला ऑइल, एअर फिल्टर झटकणं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघणं, पॉइंटचा गॅप, ब्रेक ऑइल. एकदाही नोंद चुकलेली नाही, आई दवाखान्यात होती त्या महिन्यात पण. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटाच्या वर गेलं, आमचं घर गावभागात. तेव्हा पण अण्णांनी वेळेत गाडी विश्रामबागला नेऊन लावली, मग येऊन आम्हाला सामान वर चढवायला मदत केली. आई चिडली होती, नंतर स्वतःच सगळ्यांना सांगायची की फ्रिज गेला, कपाट गेलं, गाडी वाचली.

असो. जुळवाजुळवीला आठ दिवस लागले कारण मिस्त्री एका दिवसात एकच काम करत होते. टायमिंग चेन नवी. ऑइल पंप खोलून बघितला, चांगला होता, तसाच ठेवला. फ्युएल पंपाचा डायफ्राम कडक झालेला आणि पेट्रोलचे रबरी पाईप फुगून मऊ पडलेले. पेट्रोलमधे आता इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सहन करत नाही, त्यामुळं जुनी गाडी असेल तर बाकी काही करू नका पण हे पाईप आणि डायफ्राम बदलून घ्या, गळायला लागले तर खाली एक्झॉस्ट तापलेला असतो. याआधी २००० साली शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं तेव्हाही असाच बदल आला होता, शिसं व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटच्या (बैठकीच्या) मधे गादीसारखं काम करायचं ते गेलं, अण्णांनी तेव्हाच टॅपेट बघायचं अंतर निम्म्यावर आणलेलं, डायरीत आहे.

स्टार्ट केली तो दिवस शुक्रवार, ६ सप्टेंबर, दुसऱ्या दिवशी गणपती बसणार होते. मिस्त्रींनी आधी प्लग न लावता सेल्फ मारून ऑइल वर चढवलं, वरचं कव्हर काढून ठेवलेलं, रॉकरवर ऑइल आलेलं डोळ्यानं बघितलं मगच प्लग लावले. मग अण्णांना म्हणाले बसा. दुसऱ्या सेल्फला चालू झाली. पहिल्यांदा भरपूर पांढरा धूर, जोडताना लावलेलं ऑइल जळतंय म्हणाले, दहा मिनिटांनी सायलेन्सरपुढं पांढरा रुमाल धरला, कोराच राहिला. अण्णा उतरलेच नाहीत, हँडल धरून नुसते आवाज ऐकत बसले, डोळे मिटून. अर्धा तास.

आरटीओचं आता थोडक्यात. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढं तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवतात. आमचं १९९४ पासून हे सातवं, तारीख नोव्हेंबरची. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज, फॉर्म २५, इन्शुरन्स, पीयूसी, वर पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारची फी ६०० वरून थेट ५ हजार झाली होती (हे २०२४ चं), २०१९ च्या पावतीवरचा आकडा बघून गेलात तर दचकाल. पीयूसीला एवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो, आमचा पहिल्यांदा ४.१ आला. मिक्श्चर रिच होतं. कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फेरा आत, आयडलिंग परत सेट, दुसऱ्यांदा २.३.

तपासणीला गाडी मीच घेऊन गेले, अण्णा शेजारी. साहेब तरुण होते, तिशीचे असतील. हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, ब्रेक बघितले, बॉनेट उघडून चेसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला. पेन्सिल घासली तसा एकेक आकडा कागदावर उमटला, अजून इतका स्वच्छ, गंज नाही की काही नाही. मग आत डोकावून मीटर बघून म्हणाले, "४५ वर्षांत एकेचाळीस हजारच? वापरतच नाही का?" अण्णांनी काही न बोलता पिशवीतून डायऱ्या काढून बॉनेटवर मांडल्या आणि पाची लाल पानं उघडून दाखवली. साहेब वाचत राहिले, मागं चार गाड्या लाइनीत असताना. १९९३ च्या "अंदाजे" वर बोट ठेवून विचारलं हे काय, अण्णांनी केबलचं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "काका, मी स्वतः पण माझ्या गाडीचं एवढं लिहीत नाही." रिन्यूअल झालं, २०२९ पर्यंत.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: लायनर, बोअरिंग, क्रँक आणि हेडचं लेथकाम १९ हजार, पिस्टन-रिंग-बेअरिंग-गास्केट आणि बाकी पार्ट २७ हजार, मजुरी १५ हजार. म्हणजे ६१ हजार. भाऊ म्हणाला एवढ्यात जुनी चांगली मारुती आली असती. येईल पण. पण ती कुणीतरी दुसऱ्यानं कशी वापरली ते मला माहीत नसेल, आणि हिचा एकेक लिटर मला माहितीये. मला हीच हवी आहे, अण्णांसाठी तर हवीच, पण माझ्यासाठीही.

रनिंग-इनला पहिले ५०० किलोमीटर ५० च्या वर जायचं नाही असं मिस्त्रींनी बजावलेलं. रोज सकाळी मिरज, नाहीतर नरसोबाची वाडी, परत. एकाच स्पीडला ताणायचं नाही आणि चढावर वरच्या गिअरमधे रेटायचं नाही, कारण रिंगा लायनरला बसायच्या असतात. ५०० ला ऑइल बदललं, काढलेल्या ऑइलमधे बारीक चकाकी होती, ती येतेच म्हणाले. हेडचे नट थंड इंजिनवर परत टाइट केले, ॲल्युमिनियमचं हेड असल्यामुळं हे विसरून चालत नाही. १,००० ला टॅपेट.

त्यानंतर डिसेंबरात रत्नागिरीला निघालो, आंबा घाटातून. अण्णांनी सवयीनं डिकीत पाण्याची बाटली आणि जुनं धोतराचं फडकं घेतलं होतं, पूर्वी उन्हात घाट चढताना फ्युएल पंप तापून त्यात पेट्रोलची वाफ धरायची आणि गाडी बंद पडायची, मग ओलं फडकं पंपावर टाकून दहा मिनिटं थांबायला लागायचं. या वेळी फडकं लागलंच नाही, एक तर थंडी आणि पंपाचा डायफ्रामही नवा. घाट उतरल्यावर साखरप्याला थांबलो, इंजिन जरा निवू दिलं, मग मी डिपस्टिक काढून त्याच फडक्यानं पुसली, परत घातली, काढली. सांगलीतून निघताना होतं तिथंच ऑइल, वरच्या खुणेवर. अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली, मान हलवली आणि डायरी मागितली.